दोन डोंगर, एक नारळ

मागील दसऱ्याच्या सुटीत आमच्या मंडळाने गावातील शाळकरी मुलांसाठी चित्रस्पर्धा घेतली. विषय होता ‘माझे गाव’. आलेल्या चित्रांचा गठ्ठा सोडून आम्ही परीक्षक मंडळी ओसरीवर बसलो आणि एकेक चित्र हाती घेऊ लागलो. पहिल्या चित्रात दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेत उगवता सूर्य, डोंगरातून निघून थेट पाहणाऱ्याच्या अंगावर येणारी निळी नदी, डावीकडे लाल छपराची झोपडी आणि उजवीकडे किंचित वाकलेला नारळ. दुसऱ्या चित्रात तेच. फरक एवढाच की झोपडी उजवीकडे आणि नारळ डावीकडे. तिसऱ्यात नदीवर शिडाची होडी आणखी. गठ्ठा संपेपर्यंत डोंगर संपले नाहीत आणि नारळही संपले नाहीत. आम्ही त्यांतल्या त्यात स्वच्छ रंगवलेल्या चित्राला पहिले बक्षीस दिले. म्हणजे या लेखातील पहिला आरोप आमच्यावरच आहे.

बक्षीस घ्यायला आलेल्या मुलाला आम्ही विचारले, “हे डोंगर कुठले रे?” तो म्हणाला, “चित्रातले आहेत, काकाजी.”

या उत्तराने आम्ही त्या दिवशी हसलो. पुढे मात्र ते मनातून जाईना. मुलाचे म्हणणे काटेकोर खरे होते. त्याच्या लेखी गाव ही एक वस्तू आणि चित्र ही दुसरी. चित्रातले डोंगर चित्रातच असतात, त्यांचा बेल्याशी संबंध असण्याचे कारण नाही. एखाद्याने हौसेने अंगणात नारळ लावला असेलही; परंतु आपल्या मुलखाचे झाड नारळ नव्हे. आपले झाड पळस, मोहा, निंब, बाभूळ, आणि नाल्याकाठची शिंदी. आपली नदी डोंगराच्या खाचेतून उतरत नाही; पैनगंगा उत्तरेला आडवी पसरून वाहते आणि तिच्या पलीकडच्या काठावर यवतमाळ जिल्हा दिसतो. क्षितिजावर असलीच तर दक्षिणेकडील जंगलाची निळसर रेघ असते. बाकी सारी काळी जमीन, तिच्यावर पराटीचे तास आणि अधूनमधून तुरीची ओळ. हे सारे त्या मुलाने रोज शाळेत जाता-येता पाहिले आहे. पाहिले आहे, पण ते चित्रात येण्याच्या लायकीचे आहे असे त्याला कोणी सांगितलेले नाही.

कोणी सांगायचे? आपण. आणि आपण काय केले, ते सुज्ञ वाचकांनी आपापल्या बैठकीच्या खोलीत मान वर करून पाहावे. कोठे बर्फाच्छादित विलायती पर्वत आणि त्याखालचे तळे. कोठे घोड्यांची धावती रांग. कोठे प्लास्टिकच्या चौकटीतला धबधबा, ज्याच्या मागे दिवा लावला की पाणी वाहल्यासारखे दिसते. याच मंडळाच्या अंकांची मुखपृष्ठे आम्ही परवा काढून पाहिली. सह्याद्रीचे कडे, गलबत, वारकऱ्यांची दिंडी, कोकणातील कौलारू घर. कवेलूचे घर एकदाही नाही. पराटीचे बोंड एकदाही नाही. ज्या जमिनीने आपल्या घराण्यांना पिढ्यान्पिढ्या पोसले, जिच्या सातबाऱ्यासाठी, पहाणीसाठी, धुऱ्यासाठी आपण भावकीत न्यायालयापर्यंत गेलो, तिचे एक धड चित्र आपल्यापाशी नाही. मालकी आहे, दर्शन नाही.

आमचे म्हणणे एवढेच आणि इतके स्पष्ट आहे: या भूमीचे वास्तव चित्रण, तिच्यासमोर प्रत्यक्ष बसून आणि घरातील वस्तू समोर मांडून, आपल्या मुलांनी आणि आपण करावयास हवे, आणि साहित्याच्या नावाने चालणाऱ्या आपल्या मंडळाने हे काम स्वतःचे मानावयास हवे. यावर तीन आक्षेप आम्ही ऐकले. तिघेही आक्षेपक आमचे मित्र आहेत, म्हणून थोडे कठोर बोलण्याची मुभा घेतो.

पहिला आक्षेप असा की, वास्तववादी चित्र म्हणजे नक्कल, आणि नक्कल आता खिशातला फोन करतो. आता तर फोनला नुसते सांगितले तरी तो ‘गाव, नदी, सूर्योदय’ असे चित्र स्वतःच तयार करून देतो, असेही एका मित्राने ऐकवले. त्याने ते करून दाखवलेही. त्यात दोन डोंगर होते.

नकलेचा हा आक्षेप आणि ‘अगदी फोटोच वाटतो’ ही स्तुती, या दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. भर दुपारी आपल्या वावरात उभे राहून फोटो काढून पाहावा. आभाळ नीट आले तर जमीन डांबरासारखी काळी पडते; जमीन नीट आली तर आभाळ पांढरे फटक होते. डोळ्याला मात्र दोन्ही एकाच वेळी दिसत असतात. चित्रकाराला त्या दोहोंचे नाते ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यातच त्याची सारी विद्या असते. काळी जमीन काळी नसते, ही गोष्ट ज्याने जलरंगाची पेटी उघडून धुऱ्यावर तासभर काढला आहे त्यालाच कळते. सकाळी तिच्यात जांभळा असतो, उन्हाळ्यात भेगा पडलेल्या ढेकळांवर ती राखाडी होते, पावसानंतर ओल्या तासात तपकिरी आणि निळा एकत्र झाल्यासारखी दिसते. नळीतला काळा रंग काढून फासला तर कागदावर भोक पडल्यासारखे वाटते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून जो गडदपणा येतो, तो जमिनीच्या अधिक जवळ जातो. आणि फुटलेल्या कापसाचा पांढरा? जलरंगात तो लावता येत नाही. तो कागदाचाच राखून ठेवावा लागतो. म्हणजे बोंड कोठे कोठे आहे हे रंग लावण्याआधी पाहून ठेवावे लागते. ज्याने हे केले त्याने ते शेत जितके पाहिले, तितके ते त्याच्या सालदाराखेरीज कोणीही पाहिलेले नसते.

कॅमेऱ्याने चित्रकाराचे काम संपते असे असते, तर ते शंभर वर्षांपूर्वीच संपावयास हवे होते. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांनी हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र 1945–46 च्या सुमारास केले, तेव्हा छायाचित्रे घराघरांत होती. त्यांची कन्या गीता त्यासाठी उभी राहिली होती. ज्योतीवर धरलेल्या तळव्यातून झिरपणारा तांबूस उजेड केवळ पाणी, रंग आणि कागद यांनी साधलेला आहे. ते चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे, आणि ते पाहणारे कित्येक लोक आजही ते राजा रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा 1906 सालीच निवर्तले होते. मराठी माणसाच्या एका अत्यंत लोकप्रिय चित्राचा कर्ता मराठी घरांतही ठाऊक नसावा, ही आपल्या चित्रसाक्षरतेची स्थिती. मग नकलेविषयीचे आपले निकाल किती मोलाचे ते काय सांगावे!

दुसरा आक्षेप वरवर विद्वत्तेचा आहे. ही सारी विलायती रीत, साहेबाने मुंबईत 1857 साली कलाशाळा काढून आपल्या माथी मारलेली. यात आपले काय? असे म्हणणाऱ्या मित्राच्या घरी सह्याद्रीच्या कॅलेंडराखाली विलायती पद्धतीची खुर्ची-टेबले आहेत, हे सोडून देऊ. रीत कोठून आली हे खरे. तिचे येथे काय झाले हे अधिक खरे. जे. जे. मध्ये शिकून कोल्हापुरास परतलेले आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या पदरी होते. 1922 साली महाराज गेले, आणि पुढे 1931 साली मृत्यू येईपर्यंत हा माणूस कोटितीर्थाच्या परिसरात हलाखीत राहून तेथील पाणी, झाडे आणि उजेड रंगवीत राहिला. विकत घ्यायला रंग नसले की दगडमातीचे आणि पाल्याचे रंग करी असे सांगतात. त्या चित्रांत विलायत शोधून दाखवावी. ज्याला रोज एकाच तळ्याकाठी बसावेसे वाटते, त्याची रीत त्या तळ्याचीच होऊन जाते.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत बोचला, कारण तो गावातल्याच जाणत्या माणसाने केला: “इथं पाहण्यासारखं आहे काय? सपाट वावरं, धूळ आणि बंड्या.” या गृहस्थांना आम्ही इंदूरचे उदाहरण देतो. माळवाही आपल्यासारखाच काळ्या मातीचा, आणि इंदूरची मराठी घरेही आपल्यासारखीच मूळ मुलखाबाहेर जाऊन रुजलेली. तेथे दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी चित्रशाळा चालवली आणि विद्यार्थ्यांच्या हातात रंगपेटी देऊन त्यांना गल्लीबोळांत, घाटांवर, उन्हात पाठवले. तेथून नारायण श्रीधर बेंद्रे (1910–1992) निघाले, विष्णू चिंचाळकर निघाले, आणि पंढरपुरात जन्मलेला हुसेन नावाचा मुलगाही त्याच गावात कागद घेऊन बाहेर पडायला शिकला. बेंद्रे पुढे बडोद्यात गेले, देशभर फिरले, शैली बदलत राहिले. परंतु त्यांच्या हाताचे वळण माळव्याच्या उन्हात पडले. परमुलखात गेलेल्या मराठी माणसांनी तो परमुलूख डोळ्यांनी आपलासा केला, त्याचे हे उदाहरण आहे. आम्ही मात्र अजून मनाने कोकणचे नारळ मोजत बसलो आहोत, जेथे आपल्या घराण्यांपैकी बहुतेकांचे कोणीही कधी राहत नव्हते.

आणि आपल्या बाजूचे कोणीच नव्हते असेही नाही. 1947 साली मुंबईत ज्या सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांतले हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. सय्यद हैदर रझा हे नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेले. आणि दोघांचीही सुरुवातीची मोठी कमाई निसर्गचित्रांचीच. तिसरा कृष्णाजी हौळाजी आरा, जन्म सिकंदराबादजवळच्या बोलारमचा, म्हणजे आपल्याच जुन्या निजामी राज्यातला. लहानपणीच मुंबईत आला, घरगडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या, आणि फुलदाणी, फळे, भांडी यांची स्थिरचित्रे काढून नावारूपाला आला. ही मंडळी पुढे वास्तववादापासून दूर गेली हे आम्हास ठाऊक आहे. दूर जाण्यासाठी आधी जवळ असावे लागते. आमच्या मुलांना आम्ही नवचित्रकलेच्या गप्पा सांगतो आणि त्यांना तांब्याची कड लंबगोल दिसते हे कोणी दाखवलेले नसते.

स्थिरचित्राचा उल्लेख आलाच आहे तर थोडे थांबतो, कारण बाहेर जाऊन बसण्याची ज्यांना लाज वाटते (आणि लाज वाटते, लोक भोवती जमतात, “पटवारी आहे का?” म्हणून विचारतात), त्यांच्यासाठी हा मार्ग उघडा आहे. चैत्र-वैशाखात तर बाहेर बसणे शक्यच नसते. रंग कुंचल्यातून कागदावर पोचेपर्यंत वाळतो. अशा वेळी घरातील उत्तरेकडची खिडकी पाहावी. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, म्हणून उजेड पुष्कळ वेळ एकसारखा राहतो आणि सावल्या जागच्या हलत नाहीत. तेथे एक स्टूल, त्यावर धुतलेले धोतर पसरून वस्तू मांडाव्यात. महाराष्ट्रात एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांना बसणारी मुले वर्षानुवर्षे असेच वस्तुचित्र व स्थिरचित्र करीत आली आहेत. सीमेपलीकडच्या आपल्या नातलगांकडे चौकशी केली तर प्रत्येक घरात एखादा तसा कागद सापडेल. पण त्या परीक्षेतील प्लास्टिकची बादली आणि सफरचंद आपण का उचलावे? आपल्या माजघरात पितळेचा गुंड आहे, गंज आहे, पाटा-वरवंटा आहे, सुपात निवडायला घेतलेली तूर आहे, आश्विनात सीताफळे आहेत. चिंचेने घासलेल्या गुंडात सारी खोली वाकून उतरलेली असते: खिडकी, दार, आणि चित्र काढणारा स्वतःसुद्धा. सीताफळाचा एकेक डोळा काढायला बसले तर दिवस जातो. उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू आधी दोन रंगछटांत मांडून मग मोजकेच डोळे काढले तर फळ कागदावर गोल होते. काय सोडायचे हे येथे शिकायला मिळते, आणि जो सोडायला शिकला त्याच्या चित्राला नक्कल म्हणण्याचे धाडस आमच्या पहिल्या मित्रानेही करू नये.

हे गुंड आणि गंज आम्ही मुद्दाम लिहिले. गेल्या काही वर्षांत किती घरांतून ते मोडीत गेले याचा हिशेब ज्याने त्याने करावा. कवेलू उतरवून स्लॅब पडले. त्याबद्दल तक्रार नाही. गळणाऱ्या छपराखाली ज्याने पावसाळे काढले त्याला स्लॅबचे सुख नाकारण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु पाडण्याच्या आदल्या दिवशी त्या वाड्याच्या दिंडीदरवाजासमोर बसून दोन तास कोणी घालवले असते, तर काय अडले असते? आमच्या स्वतःच्या घराच्या बाबतीत आम्ही ते केले नाही. आज त्या दरवाजावरील कोरीव कामात मोर होता की पोपट, यावर आम्हा भावंडांत एकमत नाही. लग्नातल्या फोटोंत दरवाजा आहे. त्याच्यासमोर पाहुणे उभे आहेत आणि नेमका वरचा भाग कापला गेला आहे.

नदीचेही तसेच. 1956 साली राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा शेजारचे किनवट आणि राजुरा पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. तेव्हापासून पैनगंगा आपल्या लेखी सीमा झाली. तिच्याविषयी आपण बोलतो ते हद्दीच्या आणि पाण्याच्या भाषेत. 2016 साली दोन राज्यांत करार झाला आणि चनाखा-कोरट्याला बंधारा उभा राहिला. शेताला पाणी मिळावे हे कोणाला नको आहे? आम्हालाही हवे आहे. पण पाणी अडले की काठ बदलतो. रेतीची बेटे जातात, उन्हाळ्यातले डोह जातात, पायउताराची वाट जाते. बंधाऱ्याआधीची पैनगंगा कशी दिसत होती हे आपल्या नातवांना दाखवायला आपल्याकडे काय आहे? अधिकाऱ्यांचे नकाशे आहेत.

येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. याच जिल्ह्यात 1940 नंतरच्या दशकात हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ येऊन राहिला. त्याने येथील राजगोंडांवर 1948 साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांची गावे, घरे, उत्सव यांची असंख्य छायाचित्रे घेतली. आपल्याआधीपासून या भूमीवर असलेल्या लोकांचे रूप एका परक्याने इतक्या आस्थेने पाहून ठेवले. आपण त्यांच्या शेजारी पिढ्या काढल्या, बाजाराला बरोबर गेलो, आणि ना त्यांच्याकडे नीट पाहिले ना स्वतःकडे. जवळच निर्मळ आहे, जेथील कारागिरांची काळ्या भूमीवरील सोनेरी चित्रे हैदराबादच्या दिवाणखान्यांत पोचली. तीही आपण लग्नात भेट द्यायला विकत घेतो. शेजाऱ्याच्या हाताला चित्र येते हे पाहूनही आपला हात शिवशिवला नाही.

कोणी म्हणेल, हे साहित्य मंडळ आहे. चित्रांचे ओझे त्यावर कशाला? आमचे उत्तर आमच्याच अंकांत आहे. गेल्या अंकांतील ललित लेख उघडून पाहावेत. तेथेही ‘डोंगराआडून उगवणारा सूर्य’ आहे, ‘माडांच्या राईतून येणारा वारा’ आहे. हे लिहिणारे सारे बेला, जैनथ, आदिलाबादचे. आमच्या स्वतःच्या एका लेखात ‘समुद्रासारखे’ शेत आले आहे आणि आम्ही समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लेख छापून झाल्यानंतर. मुलांच्या चित्रांतील नारळ आणि आमच्या गद्यातील माड एकाच बियाण्याचे आहेत. जो पळसाचे फूल समोर ठेवून रंगवायला बसतो, त्याला लवकरच कळते की ते ‘लालभडक’ नाही, केशरी आहे, आणि त्याचा देठाकडचा भाग मखमलीसारखा काळपट आहे. एकदा हे कळले की पुढे लिहिताना ‘लालभडक’ हा शब्द हातून सहज उतरत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही लेखी मागणी ठेवली आहे आणि ती येथे जाहीर करतो. येत्या चार अंकांची मुखपृष्ठे विकत आणलेल्या चित्रांची नसावीत. ती येथे बसून काढलेली असावीत, बरीवाईट कशीही. वार्षिक समारंभाच्या फ्लेक्सवर जो खर्च होतो, त्यातून जाड कागद, रंगपेट्या आणि लाकडी फलक घ्यावेत आणि ते मुलांना घरी न्यायला द्यावेत, कपाटात कुलूपबंद करू नयेत. पुढील स्पर्धेत विषय देऊ नये, जागा द्यावी: सारी मुले एका ठिकाणी बसतील आणि समोर दिसेल ते काढतील. परीक्षकांनीही त्यांच्या बाजूला बसून एक चित्र काढावे आणि ते इतरांच्या बरोबर भिंतीवर लावावे. या शेवटच्या कलमावर कार्यकारिणीत सर्वाधिक विरोध झाला, हे नमूद करणे भाग आहे.

ठराव मंजूर होवो वा न होवो, मार्गशीर्षातील प्रत्येक रविवारी आम्ही नदीकडच्या वाटेवरील धुऱ्यावर बसणार आहोत. तेव्हा तुरीला पिवळी फुले असतात आणि पराटी फुटलेली असते. सकाळी सातला पोचावे; नऊनंतर सावल्या आखडतात आणि सारे सपाट दिसू लागते. ज्यांना यायचे त्यांनी पाण्यासाठी एक तांब्या, जुने धोतर किंवा लुगड्याचा तुकडा, आणि बसायला पोते आणावे. अर्धवट राहिलेले चित्र पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच वेळेला पुरे करता येते. मागील आठवड्यात आम्ही एकटेच तेथे बसून आलो. चित्र वाईट आले. आभाळ धुवायला गेलो तो ते जमिनीत उतरले आणि तुरीचा पिवळा मातकट झाला. बंडी घेऊन जाणारा एक शेतकरी थांबला, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “हे वावर आपल्या पाटलांचं दिसते, पण धुऱ्यावरचा निंब राहिला ना जी.”

निंब खरोखरच राहिला होता.